पेन तुमच्यापाशी राहू द्या

इंगळे सर माहिती घ्यायला कुणाच्याही दारी गेले, की बसण्याआधी खिशातलं पेन काढून त्या माणसाच्याच हाती देत. "हे तुमच्यापाशी राहू द्या. लिवू द्यावं वाटलं तं वापस द्या." देऊळघाटच्या एका आजीने ते कमरेला खोचलं आणि दिलंच नाही. सर दोन तास गप्पा मारून कोरी वही घेऊन हसत परतले.

मेहकरच्या कॉलेजात ते आम्हाला समाजशास्त्र शिकवत. मला संशोधनाला विषय सापडेना. मला ग्रंथालयात पाहून सर म्हणाले, "इथं काऊन बसली वं पोरी? जाय, एस.टी.त बस. बाया काय बोलून राह्यल्या ते आयक. पन आयकलेलं आपल्या मालकीचं नसते."

एस.टी.तच विषय सापडला. कापूस वेचणाऱ्या बायकांना शेतमालक वजनात कसा मारतो, हे एका बाईने मला सगळं सांगितलं. मी चळवळीची पत्रकं वाचत वाढलेली. थांबणं मला भ्याडपणाचं वाटायचं. छापण्याआधी ज्याने सांगितलं त्याला वाचून दाखवायचं, हा सरांचा नियम. मी दाखवलं नाही. थेट पत्रक छापून वाटलं. त्यात तिचं नाव बदललं, पण 'शिलाई मशीन चालवणारी' हे राहू दिलं. गावात मशीन एकच होती.

तिला वेचणीला बोलावणं बंद झालं. शिवायलाही कुणी येईना.

सर मला घेऊन तिच्याकडे गेले. तिने दार अर्धंच उघडलं. "तुमच्या पोरीचं नाव झालं सर. माह्यं काय?"

सर ओट्यावर बसले, हात जोडले. "चूक माही हाय, माय. मीच बरोबर शिकवलं नाही."

परतताना ते रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले, "मालक लुटते, हे खरंच हाय. पन त्याच्याशी कवा भांडाचं, हे तिनं ठरवाचं होतं. तू ठरवलं."

पुढे आजारी पडेपर्यंत ते घरातलं शिवण घेऊन तिच्याकडे जात राहिले. मी दिसले की दार लागायचं.

या उन्हाळ्यात सर गेले. त्यांच्यावर लिहायचं तर ही गोष्ट टाळता येत नव्हती. मी तिच्या दारी जाऊन पेन पुढे केलं. तिने ते बराच वेळ मुठीत धरलं. मग परत देत म्हणाली, "सरायसाठी लिही. पन माह्या कामाचं नोको."

लिहून झाल्यावर तिच्या ओट्यावर, सर बसायचे ती जागा सोडून बसले आणि सगळं वाचून दाखवलं.

शिलाई मशीन आणि शिवण मी रचलेलं आहे. ती खरोखर काय करते, ते तिच्यापाशीच आहे.