आयेच्या काखेतला कोंबडा

लग्न होऊन मी मालवणजवळच्या त्या घरात आले तेव्हा सासूच्या डाव्या काखेत एक तरणा कोंबडा होता. तिने मला ओवाळले ते एका हाताने. "ह्येका सोडलंय तर तुका टोचतलो," एवढेच म्हणाली. तिला सगळे आये म्हणत; मीही म्हणू लागले.

आये सदा रागावलेली. वाऱ्यावर, फाटक्या जाळ्यावर, दारात येऊन मासळीत खोड काढणाऱ्या गिऱ्हाइकावर. फक्त कोंबड्यांवर ती रागावत नसे. वयात आलेला कोंबडा मान फुलवून माणसांच्या अंगावर धावू लागला की शेजारीपाजारी त्याला लाथ घालीत, नाहीतर कापून खात. आये पंख दाबून त्याला उचलायची, काखेत धरायची, मान हलकेच खाली दाबायची आणि तसाच घेऊन चुलीपासून विहिरीपर्यंत हिंडायची. तो निवला की मगच जमिनीवर. मी पळायचे. "पळा नको गो! तू पळालंस काय तेका वाटता, आपण जिकलो. आणि लाथ मारू नको. लाथ म्हणजे तेका झगड्याचां आवताण."

पुढे एक तांबडा कोंबडा तिने राखणेसाठी ठेवला. जागेची राखण करणाऱ्या देवाला नवस म्हणून बोललेला, म्हणून राखणेच्या दिवसाआधी त्याला कापायचे नव्हते. आयेने त्याला इतका शांत केला की माझी लहानगी लेक त्याच्या शेजारी बसून तांदूळ टाकायची.

मे महिन्यात मुंबईहून भावजी आले, माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. गिरणीत नोकरी. घर त्यांच्या पैशांवर चाले, म्हणून त्यांच्यापुढे कोणी तोंड उघडत नसे. ते पडवीत मित्र जमवून छत्रीच्या टोकाने कोंबड्याला डिवचायचे. "बघ, कसो अंगार येता!" सगळे हसायचे. आये रोज ओरडायची. भावजी रोज डिवचायचे.

कोंबडा पुन्हा माणसांवर धावू लागला. एका सकाळी लेक मुठीत तांदूळ घेऊन अंगणात गेली आणि तो उडाला. डोळ्याच्या अगदी खाली नखाने कातडी फाडली. तिचे तोंड रक्ताने भरले.

"कापून टाक तेका," भावजी म्हणाले. "तुझ्याच लाडान चढलो तो."

आयेने नातीचा डोळा शाबूत आहे ना ते पाहिले, तिला माझ्याकडे दिले आणि भावजींची छत्री गुडघ्यावर मोडली. "कोंब्याक तू शिकयलंस! लोकांका हसवक! आता माझ्या नातीची माफी माग, नायतर हयसून चल."

"एवढ्याशा पोराची माफी?" भावजी हसले. संध्याकाळी ट्रंक उचलून निघून गेले.

पैसे बंद झाले. सासरे आयेवर खेकसले, वाडीतल्यांनी समजावले. त्या वयात आयेने बाजारात विकायला मासळीची टोपली डोक्यावर घेतली. "माका टोपली जड नाय, तेचां हसणां जड झालां," ती म्हणायची. दुपारी बाजारातून आली की पाय धुऊन कोंबड्याला काखेत घ्यायची. पावसाळा सरेपर्यंत तो पुन्हा निवला.

काही वर्षांनी आये अंथरुणाला खिळली तेव्हा भावजी आले. लेक शाळेतून येऊन दारात उभी होती. आयेने तिच्याकडे बोट करून विचारले, "चेडवाची माफी मागलंस?"

"आये, अजून तां कोंब्याचां?" ते पुन्हा हसले. आयेने भिंतीकडे तोंड फिरवले.

भावजी पडवीत जाऊन बसले आणि त्यांनी माझ्याकडे चहा मागितला. मी कधी त्यांच्यासमोर मान वर करून बोलले नव्हते. म्हणाले, "आधी तिची माफी मागा." त्यांनी मागितली नाही. मी चहा केला नाही.

आये दुसऱ्या दिवशी गेली. बाराव्याला जमलेल्या बायका म्हणाल्या, आईने तरी माफ करायला हवे होते. आईने! लेकाने काय करायला हवे होते, ते त्यांतल्या एकीनेही विचारले नाही.