तांदळात लिहिलेलं नाव

महाड कोर्टाबाहेर मी तेहतीस वर्षं प्रतिज्ञापत्रं टाइप करतोय. माणसं खोटं बोलतात याचा आता मला रागही येत नाही. आला तो एकदाच, २००९ साली, सुप्रियासाठी. अजून उतरलेला नाही.

कुडपण गावच्या नाथू शेलारांची ही मुलगी कॉम्प्युटर शिकायला महाडात राहिली होती. २००५च्या पुरानंतर तिने इंटरनेटवर मराठीतून ब्लॉग सुरू केला, नाव ‘कुठलं बटण?’. पहिल्याच लेखात तिने लिहिलं, ‘मोबाईल भिजला? आधी बॅटरी काढा, मग रडा.’ माणसं तुटून पडली वाचायला. दुबईहून प्रश्न यायचे. पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायला मीसुद्धा तिच्याच लेखांवरून शिकलो.

वर्षभराने महाडच्या सुधीर साळवीशी तिचं लग्न झालं. सुधीर शाळेत मास्तर, थोरला भाऊ कमलाकर सायबर कॅफेवाला. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने तिचं नवं नाव लिहिलं, नूतन. पुढे रेशनकार्डावर, मतदार कार्डावर ती नूतनच झाली. ब्लॉग मात्र सुप्रिया शेलार या नावानेच राहिला. दुपारी ती दिराच्या कॅफेत बसून लिहायची आणि पासवर्ड त्याच्याच वहीत टिपलेला असायचा. घरच्या माणसांत कसला आडपडदा!

मग पुण्याहून ब्लॉग विकत घ्यायला गिऱ्हाईक आलं. कमलाकरने गुपचूप पासवर्ड बदलला आणि प्रत्येक लेखाखाली स्वतःचं नाव घातलं. "माझ्या कॅफेत लिहिलं, म्हणजे माझंच," असं त्याचं शास्त्र. आयत्या बिळावर नागोबा!

सुप्रियाने ब्लॉगचं खातं सांभाळणाऱ्या कंपनीला तक्रार लिहिली. उत्तर आलं, खातं सुप्रिया शेलार यांचं आहे, त्या तुम्हीच हे पंधरा दिवसांत सिद्ध करा. आता कसं करायचं? फोटोचं जुनं ओळखपत्र पुरात गेलेलं, लग्नाची नोंदणी कोणी केलेली नव्हती. नोटरीसाहेब म्हणाले, लग्नाआधीची सुप्रिया ती हीच, असं नवऱ्याने सही करून द्यावं. कागद मी लगेच टाइप केला. चौदा दिवस ती सुधीरच्या विनवण्या करत राहिली. दादाच्या विरुद्ध सही कशी करू, एवढंच तो म्हणायचा. माणूस वाईट नव्हता म्हणे. असल्या चांगल्या माणसांना काय चाटायचंय?

पंधराव्या दिवशी ती सकाळपासून माझ्या बाकावर बसून होती. तिची आई धोंडूबाई पहिल्या एसटीने कुडपणहून आली होती, माहेरचं रेशनकार्ड पदरात गुंडाळून.

"बघा, सुप्रिया लिवलंय का नाय?"

लिहिलं होतं. त्यावर लग्नानंतर नाव कमी केल्याची लाल रेघही होती. नोटरीसाहेबांनी नकारार्थी मान हलवली.

चार वाजता सुधीर आला. सुप्रिया ताडकन उठली, मी पेनाचं टोपण काढून ठेवलं.

"नूतन, घरी चल," तो खालच्या आवाजात म्हणाला. "पुण्याची माणसं आलीत. फॉन्टचं काहीतरी विचारतायत, दादाला सांगता येत नाहीये. तू आतून दादाला सांग, तो त्यांना सांगेल."

तिने कागद पुढे केला. "आधी सही करा."

त्याने पेन घेतलं, कागद वाचला, परत वाचला आणि पेन टेबलावर ठेवलं. "आधी चल तर खरी. मग बघू."

"ते सुप्रियाला येत होतं," ती म्हणाली. "नूतनला नाही येत."

तो निघून गेला. पाच वाजता नोटरीसाहेबांनी कुलूप लावलं. इतका वेळ धीराने बसलेली पोर तेव्हा आईच्या मांडीत कोसळली. "आये, चार वर्षं लिहिलं गो मी. आता मी कोणीच नाय!"

धोंडूबाईने तिचं डोकं हलकेच बाकावर टेकवलं. उठली, माझ्या शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि कागदावर नवऱ्याच्या सहीची जागा होती तिथे उमटवला.

"मावशी, तिथे तुमचा अंगठा चालत नाही," मी म्हणालो.

"नाय चालत तर नाय," ती म्हणाली. "पर ही माजी सुप्रिया हाय, ह्ये कुनीतरी लिवून देयाला नको?"