छबूबाईंच्या पायाखाली

चऱ्होलीच्या छबूबाई उंचीला बेताच्या. पण सगळा जन्म जमिनीवर बसून गेल्यामुळे ते कधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. भाकरी जमिनीवर, निवडणं-टिपणं जमिनीवर, भांडणंसुद्धा मांडी घालून. मग शेत बिल्डरला दिलं, मोबदल्यात आमच्या शेजारचा फ्लॅट मिळाला आणि पाठोपाठ दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, आता मांडी विसरा, खाली बसायचं नाही.

म्हणून सोफा आला. सून जयमाला हिनं तो पिंपरी कॅम्पातल्या दुकानातून मोठ्या हौसेनं निवडला होता. छबूबाई त्यावर बसल्या की पाय लोंबकळायचे आणि संध्याकाळपर्यंत घोटे टम्म सुजायचे. शेवटी त्या आत पलंगावर आडव्या व्हायला लागल्या. गावाकडचं कुणी आलं की हॉलमध्ये गप्पा रंगायच्या आणि आतून आवाज यायचा, "कोन आलंय?" हळूहळू लोकांनी आत डोकावणंही सोडलं. जन्मभर चारचौघांत बसून बोललेली बाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. मला ते बघवत नसे.

मुलगा जयदीप चाकणच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. तिथे तो माल तपासतो आणि नापास करतो; घरी आल्यावरही ती खोड जात नाही. त्यानं टेप काढून आईच्या टाचेपासून फरशीपर्यंतचं माप घेतलं आणि पाय ठेवायला स्टूल शोधायला निघाला.

पहिलं आणलं ते गोल, मखमली, गुबगुबीत. छबूबाईंनी त्याला पाय लावायलाच नकार दिला. "त्येच्यावर उद्या मानूस बसंल. पाय कसं ठिवू?" आणि खरंच, दुसऱ्या दिवशी त्यांचे थोरले दीर यशवंतराव आले ते नेमके त्याच्यावरच टेकले. मग प्लास्टिकचं आलं. ते गुळगुळीत फरशीवर जरा रेटा बसला की सरकायचं. जयदीपनं दोन्ही नापास केली.

तेव्हा त्याला माळ्यावरचे पाट आठवले. डायनिंग टेबल आल्यापासून ते धूळ खात पडले होते. त्यातला एक त्यानं सुताराकडे नेला आणि मापाचे चार पाय बसवून आणला. उंची बरोबर, रुंदी बरोबर, तसूभर हलत नाही. आईच्याच घरातलं लाकूड, तिला आवडेल, असं तो मला जिन्यात सांगत होता. इतका खूश होता की मीही मान डोलावली. अक्कल दोघांनाही नव्हती.

आम्ही पाट सोफ्यापुढे नेऊन ठेवला. छबूबाईंनी त्याच्या कोपऱ्यातलं पितळी फूल पाहिलं, वाकून त्याला हात लावला आणि तो हात कपाळाला नेला.

"आरं, ह्याच्यावर गनपती बसायचा. तुझी हळद ह्याच्यावर झाली. आन् ह्याच्यावर पाय दिऊ मी?"

"मग मी करू तरी काय, आई? तुला काहीच चालत नाही!" जयदीपचा आवाज चढला. "जा, पड आत."

बोलून गेला आणि त्याचा चेहरा पडला. छबूबाई उठल्या. आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेल्या, तिथे चौकट धरून थांबल्या आणि सोफ्याकडे बघत राहिल्या.

"पाट उंच करता येतो, तर ह्यो बुटका न्हाई व्हायचा व्हय?"

जयदीपला बायकोकडे बघायचा धीर होईना. सोफा तिच्या हौसेचा, आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायचा. जयमाला सोफ्यापाशी गेली. मग तिनं एकेक गादी उचलून बाजूला ठेवली.

"उलटा करायला हात लावा," ती म्हणाली. "मला एकटीला उचलत नाही."

एक बाजू मी धरली. जयदीपनं सुताराची करवत मागून आणली, माप घेतलं, खुणा केल्या, खुणा पुन्हा तपासल्या आणि सोफ्याचे पाय कापले.

आता त्या घरी पाहुणा बसला की त्याचे गुडघे हनुवटीला टेकायला येतात. उंच माणसाला उठताना हात द्यावा लागतो. जयमाला कुणाला कारण सांगत बसत नाही. पाट पायांसकट देवापुढे गेला, चौरंग म्हणून. छबूबाई सोफ्याच्या मधोमध बसतात, दोन्ही तळवे फरशीवर, दाराकडे तोंड करून. कोण आलंय हे आता त्यांना विचारावं लागत नाही.