हर्षालीने साफ केलेली यादी

हर्षाली हिशोबाच्या बाबतीत भलतीच करडी. सुट्टे नाहीत म्हणून भाजीवालीने दोन मिरच्या जास्त टाकल्या, तरी हिच्या कपाळावर आठी. वडील आदिलाबादला सरकारी नोकरीत, महिन्याच्या महिन्याला पगार, उधारीचं नाव घरात कुणी काढलेलं नाही. अशी बी.कॉम. झालेली मुलगी लग्न होऊन बोथ या गावी आली, ती नेमकी सासरे अमृतरावांच्या हार्डवेअरच्या दुकानात. आणि आसपासची निम्मी घरं याच दुकानातून उधारीवर उभी राहिलेली.

नवरा देवानंद माल आणायला बाहेर फिरायचा. त्यानेच दुकानात कॉम्प्युटर बसवला आणि येणं सांभाळायचं काम हिच्याकडे दिलं. हर्षालीने ते असं उचललं की बघत राहावं. कुणाचं बिल कधीचं, आलेली रक्कम कोणत्या बिलात जमा करायची, कुणाकडे किती थकलंय, सगळं बोटावर. ‘मी तर दिले होते’ अशी भांडणं बंद झाली. सासरे गिऱ्हाइकांना सांगत, “आमची सून म्हंजे मशीनच हाय.” ही स्तुती की तक्रार, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कधीच कळायचं नाही.

तिला एकच गोष्ट खुपायची. थकलेल्या खात्यांच्या यादीला भलीमोठी शेपटी होती. कुणाकडे एक रुपया, कुणाकडे दोन, कुणाकडे पाच. हजारोंची बिलं चुकती करणारी माणसं, आणि रुपयासाठी वर्षानुवर्षं थकबाकीदार! मार्चअखेरीला कर भरून देणारे वकीलसाहेब यादी बघून हसले. “हा काय कचरा ठेवलाय, ताई?” म्हणाले. हर्षालीला ते लागलं. दुकानात परतून तिने एका दुपारी सगळ्या किरकोळ बाक्या माफ करून टाकल्या. खातं पुरं झालं की सॉफ्टवेअर आपणहून मेसेज पाठवायचं. त्यातला मजकूर तिनेच हौसेने मराठीत लिहिलेला होता: ‘आपले खाते बंद झाले. आपल्याकडून काहीही येणे नाही. धन्यवाद.’ यादी स्वच्छ झाली आणि ती समाधानाने चहा प्यायली.

दुसऱ्याच दिवशी दौलत पेंटर दुकानात आला तो पायरीवरच थांबला. आत येईना.

“काऊन जी अमृतराव, आमचं काय चुकलं?”

अमृतराव गोंधळले. दौलतने मोबाइल पुढे केला. म्हाताऱ्याने मेसेज वाचला, परत वाचला आणि सुनेकडे पाहिलं.

“हे तू धाडलं? सगळ्यायले?”

“हो मामाजी. रुपया-दोन रुपयेच होते. माफ केले.”

“अवं, माफ करायले ती उधारी होती का?” अमृतराव हळूच खाली बसले. “ते राहू देत असतेत. मानूस पैसे द्याले आला का रुपया मांगं ठेवते अन् आपन मांगत नाई. त्याचा अर्थ, तो पुन्ना येनार. खातं कोरं कवा करतेत? भांडन झालं तं. नाई तं मानूस मेला तं.”

इतकी वर्षं या दुकानात बसून तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगायची गोष्ट आहे, असं कुणाला वाटलंच नव्हतं. आणि आपण सगळ्यांना एकाच दुपारी, धन्यवाद म्हणून, दाराबाहेर काढलं होतं.

सासरे रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच गल्ला आवरत बसले. मग तिनेच फोन लावायला घेतला, एकेकाला. चूक माझी, मामाजींची नाही, दुकानात या. बहुतेक जण हसले. चंपाबाईने तर फोनवरच हर्षालीच्या शिक्षणाचा उद्धार केला आणि संध्याकाळी खिळे न्यायला आली. पण महिपत गवंडी फोनच उचलेना. महिपत म्हणजे अमृतरावांचा जुना सोबती. रोज संध्याकाळी दुकानात त्याची खुर्ची ठरलेली. ती रिकामी राहू लागली, आणि अमृतराव दिवेलागणीला उगाच रस्त्याकडे बघत बसू लागले.

शेवटी ती ऑटो करून शेजारच्या त्याच्या गावाला गेली. महिपत अंगणात थापी धूत होता. त्याने तिला बाज दाखवली आणि थापी धूतच राहिला. त्याची बायको मालनबाई पाणी घेऊन आली.

“काका, तो मेसेज मी पाठवला. मला आपली रीत ठाऊक नव्हती.”

“अमृतरावनं धाडलं तुमाले?”

“नाही. त्यांना सांगितलंसुद्धा नाही.”

महिपतने थापी पुसली. “पोरीच्या घरावर टिना टाकाच्या होत्या. दुकानापर्यंत आलो होतो, सूनबाई. म्हनलं, खातं बंद केलेल्या दुकानात कोनत्या तोंडानं जाऊ? दुसरीकडून घेतल्या. आता काम झालं. आता मले काईच लागत नाई.”

काही विकत घेतल्याशिवाय खातं उघडत नाही, आणि त्याला काही नको होतं. चहा कसाबसा संपवून ती उठली. ओसरीवर मालनबाईने भरडलेली नवी तुरीची डाळ सुपात होती. रिकाम्या हाताने जाववेना, म्हणून तिने दोन किलो मागितली आणि पर्स उघडली.

मालनबाईने डाळ पिशवीत ओतली, पण पैशाला हात लावायच्या आधी नवऱ्याकडे बघितलं.

“राहू दे,” महिपत म्हणाला.

“नाही काका, फुकट नको.”

“फुकट कोन देऊन राह्यलं?” त्याचा आवाज पहिल्यांदा चढला. “भाव लावूनच घेईन. पन आज नाई. पैसे दुकानात ठेव. मी येऊन मांगीन.”

हर्षालीने पर्स मिटली.

“कधी याल?”

“येईन ना. अन् मांगितले का लगेच देजो नको,” महिपत थापी कोनाड्यात ठेवत म्हणाला. “दोन-चार चकरा मारू दे.”