लाईन काढली त्या दिवशी

आमच्याकडे वीज जात नाही, 'लाईन' जाते. गोंदियात अर्धा जन्म काढलेल्या मला हे ठाऊक नव्हतं असं कोणत्या तोंडानं म्हणू? पण नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात आम्ही सिस्टर लोक 'लाईन' म्हणतो ते एका नळीला. दोऱ्याएवढी बारीक, बाळाच्या दंडातून थेट हृदयाजवळ पोचवलेली. दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळाचं औषधपाणी तिच्यातूनच जातं.

असंच एक बाळ होतं, नऊ दिवसांचं. जन्मलं दुसऱ्या दवाखान्यात आणि तासाभरात ॲम्ब्युलन्सनं आमच्याकडे आलं. आईचं सिझर झालेलं, ती सौंदडला घरी पडून होती. तिनं बाळाला अजून हातात घेतलं नव्हतं. बाप तेवढा रोज गाडीनं यायचा, काचेतून पाहायचा, मोबाईलवर फोटो काढून न्यायचा. त्या दिवशी दुपारच्या गाडीनं ती पहिल्यांदाच येणार होती.

सकाळीच बाळ थंड पडायला लागलं, मधूनच श्वास घ्यायचं थांबायला लागलं. रक्तात जंतू निघाले, नळीतून शिरलेले. त्या नळीला आमच्याशिवाय कुणी हात लावत नव्हतं. हात धुवा, हात धुवा म्हणून सगळ्यांच्या कानीकपाळी ओरडणारी मी! तो हात माझाही असू शकतो, हे मला आजही पचत नाही.

डॉक्टर बापाला म्हणाले, "लाइन निकालनी पडेगी," आणि पुढच्या बाळाकडे वळले. बाप माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

"लाईन काऊन काढता, मॅडम? मशीन बंद पडली तं पोरगा जगन कसा?"

आधी मला रागच आला. मग डोक्यात प्रकाश पडला. त्याला वाटत होतं, आम्ही बाळाची वीजच कापतोय. मी त्याला नळी दाखवली, मशीन चालूच राहणार म्हणून सांगितलं. त्याचा जीव भांड्यात पडला. चक्क हसला तो. तिथंच उभं राहून बायकोला फोन लावला.

"काही नाही व, फक्त नळी काढून राहिले. पोरगा चांगला आहे. तू आज नको येऊ, टाके दुखतीन. परवा आरामात आणतो तुले."

मी शेजारीच होते. नळी काढली तरी जंतू रक्तातच आहेत, बाळ हातचं जाऊ शकतं, तिला आजच येऊ द्या, एवढंच सांगायचं होतं. ओठांवर आलं होतं. पण नऊ दिवसांत तो माणूस पहिल्यांदा हसत होता. सांगतील डॉक्टर, असं म्हणून मी शब्द गिळले आणि दुसऱ्या बाळाचं दूध मोजायला गेले.

नळी निघाली, औषध बदललं. सुईसाठी दुसरी शीर काही केल्या सापडेना. आम्ही चौघं-पाचजण त्या मूठभर जिवाभोवती नुसते उभे होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाळ गेलं.

बाप ओरडला नाही, कुणाची कॉलर धरली नाही. धरली असती तर मला बरं वाटलं असतं. कापडात गुंडाळलेलं बाळ माझ्या हातून घेताना तो एवढंच म्हणाला, "मॅडम, काल सांगतलं असतं तं तिनं एकदा जित्त्या पोराले हाती घेतलं असतं."