बंड्याची शाल

कुत्र्यांना घेऊन नदीकाठी तंबूत झोपायला लोक पैसे मोजून येतील, असं मला कुणी पूर्वी सांगितलं असतं तर मी त्याला आधी सावलीत बसवून पाणी पाजलं असतं. आता पाटणच्या अलीकडे, कोयनेकाठच्या मळीच्या रानात माझेच तंबू आहेत आणि फाट्यावर ‘कुत्र्यांचे स्वागत आहे’ अशी पाटी मीच रंगवली आहे. गाव हसायचं ते हसलं. “सिद्धू, आन् माणसांचं काय रं?” असं मला चावडीवर विचारलं. मी म्हटलं, “माणसं येत्यात कुत्र्यांच्या संगं. त्यांचीबी सोय हुती.”

स्वयंपाक माझी चुलती करते. साळूबाई. मळीच्या वरच्या अंगाला तिचं घर. चुलता, केरबाकाका, फौजेतून सुटून आला, काही वर्षं ऊस केला आणि गेला. मुलगा शंभूराजही फौजेत, कुठल्याशा डोंगरावर, फोन लागला तर लागला. सून अंकिता पोरांच्या शाळेसाठी साताऱ्याला. म्हणजे घरात काकी आणि तिच्या तोंडाचा पट्टा, एवढंच. एकटेपणा सोसत नाही हे ती मरेपर्यंत कबूल करायची नाही. पण पाहुण्यांची जेवणं झाली तरी काही ना काही निमित्त काढून तंबूंपाशीच घुटमळते. परातीतलं उरलंसुरलं पीठ गोळा करून शेवटी एक लहान भाकरी थापते. ती कुत्र्याची. तिचा कुत्रा बिबट्यानं नेला त्याला वर्ष उलटून गेलं, तरी थापते. सकाळी ती कावळे खातात.

पाहुण्यांच्या कुत्र्यांना द्यावी, तर ती पडली पुण्या-मुंबईची. त्यांचं खाणं पुड्यातलं, पाणी बाटलीतलं. “मावशी, त्याला बाहेरचं देऊ नका हं,” असं गाडीतून उतरतानाच सांगतात. काकी मान डोलावते आणि मागं फिरल्यावर मला म्हणते, “माझी भाकरी बाहेरची व्हय रं?”

ती भाकरी हक्कानं खाणारा एकच, बंड्या. सांगलीच्या विष्णुपंतांचा कुत्रा. लॅब्रॅडोर जातीचा, पोट सुटलेला, तोंडाशी पांढरा झालेला. विष्णुपंत शाळेतून निवृत्त झालेले. बायको गेल्यावर ते बंड्याला घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी इथं यायला लागले. तंबूत स्वतःची जुनी तपकिरी शाल अंथरायचे आणि दोघं तिच्यावर झोपायचे. संध्याकाळी काकी घासलेली भांडी निथळत ठेवून तिथंच काठावर बसायची. गप्पा म्हणाल तर काहीच नाहीत. “पाणी वाढलंय.” “व्हय.” झालं. मध्ये बंड्या पसरलेला. त्या दिवसांत काकीचा आवाज चार घरं ऐकू जायचा.

यंदाच्या थंडीत ते आले ते पडलेल्या चेहऱ्यानं. मुलगा मुकुल त्यांना पुण्याला न्यायला निघाला होता आणि त्याच्या इमारतीत कुत्रं चालत नव्हतं. विष्णुपंत खाली बघत म्हणाले, “साळूबाई, तुम्ही सांभाळाल का याला?”

“आवं पाव्हणं, त्यात इचारायचं काय!” काकी म्हणाली. आनंद लपवायची कला तिला येत नाही.

विष्णुपंतांनी शाल तिच्या हातात दिली. “ही त्याला असू द्या.” आणि गाडीत बसले ते मागं न बघता गेले.

आमच्याकडं नवं जनावर घरात येतं तेव्हा त्याच्या पायांवर पाणी घालतात, कपाळाला हळदकुंकू लावतात, भाकरतुकडा ओवाळून टाकतात. काकीनं बंड्याचं सगळं केलं. मी म्हटलं, “झूलबी घाल, बेंदराला बैलांसंगं मिरवू.” कितीतरी दिवसांनी ती पोटभर हसली. मग तिनं शाल नदीवर नेली. नव्या घरात मळकं अंथरूण कसं द्यायचं? पावडर लावून, दगडावर आपटून तिनं ती लख्ख केली.

शाल वाळवून अंथरली, तर बंड्यानं ती या टोकापासून त्या टोकापर्यंत हुंगली. परत हुंगली. मग उठला, गाडी उभी राहायची तिथं जाऊन आडवा झाला, आणि खायचा थांबला. दूधभाकरी झाली, अंडं झालं, मटणाचा तुकडा झाला. काकी शाल तिथंच नेऊन त्याच्या अंगाखाली घालायची. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, म्हणाले दुखणं काही नाही.

“म्हातारं हाय, रुळंल,” मी म्हटलं.

“तू गप. बरगड्या दिसाय लागल्यात,” म्हणत ती दिवसभर त्याच्याजवळ मातीत बसून राहिली.

तेवढ्यात विष्णुपंतांचा फोन. खातोय का, असं त्यांनी विचारलं. काकी माझ्याकडं बघत म्हणाली, “खातोय की. झ्याक हाय.”

“शाल आहे ना अंगाखाली? मी मुद्दामच धुतली नव्हती. माझा वास असला की तो शांत झोपतो.”

काकीनं फोन माझ्या हातात कोंबला.

माझं बोलणं संपलं तशी ती नदीकडं तोंड करून बसली. मग म्हणाली, “तुझा काका गेला तवा सुतक फिटायला म्हणून मी सगळं धुतलं. अंथरूण, कापडं, फौजेतला स्वेटर. मागनं एकदा ट्रंक उघडून त्यो स्वेटर नाकाला लावला रं. नुसता साबण. न्हाईच माणूस त्यात.” तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि मला कुठं बघावं कळेना. “मला बंड्या पायजे हाय, सिद्धू. लय पायजे हाय. पर ह्यानं असं वाट बघत मरायचं, आन् मी बघायचं? लाव फोन.”

फोनवर ती एवढंच म्हणाली, “मी खोटं बोलले, पाव्हणं. त्यो जेवत न्हाई. तुमी तरी जेवताय का?”

“उद्या निघतो,” पलीकडून आलं.

दुसऱ्या दिवशी विष्णुपंत आले. मुकुल गाडी चालवत होता, तोंड फुगवून. बंड्याला पळवत नव्हतं, तो धडपडत उठला. विष्णुपंत तिथंच धुळीत बसले. काकीनं भाकरी आणून दिली. ती बंड्यानं त्यांच्या हातून खाल्ली, शेवटच्या तुकड्यापर्यंत. मुकुल बघत होता. मग म्हणाला, “बाबा, सांगलीलाच राहा तुम्ही. बघू काय ते.”

ते बंड्याला घेऊन गेले. “येतो पुढच्या महिन्यात,” विष्णुपंत म्हणाले होते. अजून आलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे. काकी विचारत नाही, पण फाट्यावर गाडी वळली की तिचा हात पिठात थांबतो.

शाल इथंच राहिली. परवा धुण्याच्या ढिगात मी तीही टाकली, केसांनी भरलेली. काकीनं ती ओढून काढली.

“ही न्हाई.”

“काकी, कुत्र्याचा वास मारतोय तिला.”

“मारू दे,” ती म्हणाली, आणि शालीची घडी घालून ट्रंकेत स्वेटरशेजारी ठेवली.