शिक्का त्याचा होता

भिलाईतल्या एका खासगी वर्कशॉपात मी वेल्डिंग तपासायचो. तिथे प्रत्येक वेल्डरला स्वतःच्या नंबराचा लोखंडी शिक्का मिळे. जोड पूर्ण झाला की शेजारी तो ठोकायचा, म्हणजे काम कोणाचं ते कायमचं कळे. मी सांगतोय तो वेल्डर शिक्का ठोकण्याआधी जोड कापडाने पुसून वाकून पाही. मनासारखं नसेल तर सगळं घासून पुन्हा करी.

लेकीच्या लग्नासाठी तो आठवडाभर भंडाऱ्याकडे गेला. जाताना शिक्का सुपरवायझरकडे ठेवला. परतला तेव्हा एका पाइपाचा जोड चाचणीत फुटला होता, आणि त्यावर त्याचाच नंबर होता.

त्याने फुटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला. “साहेब, शिक्का माहा हाये, पन हात माहा नाही. मी त गावी होतो. तुमाले मालूम हाये न?”

मला माहीत होतं. नवशिक्याकडून काम करवून सुपरवायझरने तो शिक्का ठोकला, तेव्हा मी तिथेच होतो. पण माझी नोकरी त्याच सुपरवायझरच्या हातात होती.

“जे दिसते तेच लिहा लागते, भाऊ,” मी म्हणालो आणि रिपोर्टात नंबर लिहिला. त्याच दिवशी त्याला काढलं.

पुढे एकदा भिलाईतल्याच रिसाली भागात तो रस्त्याकडेला कोणाचं तरी गेट जोडताना दिसला. मी स्कूटर थांबवली. त्याने मला ओळखलं, मशीन बंद केली, आणि मग चेहऱ्यावर वेल्डिंगची काळी काच ओढून मी जाईपर्यंत तसाच बसून राहिला.